दृष्टिहीन ज्युदोका घडवायचा तर सुरुवात पकडीपासून

दृष्टिहीन मुलगा शिकायला आला की बरेच प्रशिक्षक मला विचारतात, याच्यासाठी वेगळी बॅच लावू का? लावू नका. मी पूर्ण अंध आहे आणि डोळस जोडीदारांसोबतच तयार झालो. आमच्या ज्युदोत मोठा फरक एकच: लढत पकड घेऊनच सुरू होते, आणि हात सुटले की पंच 'माते' (म्हणजे 'थांबा') म्हणून पुन्हा पकड घ्यायला लावतात. इप्पोन (लढत तिथंच जिंकून देणारा पूर्ण गुण), वाझा-आरी (अर्धा गुण), लढतीची चार मिनिटं, सगळं तेच.

आधी त्याला मॅटच्या कडेनं फिरू द्या. मग उकेमी, म्हणजे न लागता पडायचं कसं ते. हनुवटी छातीला, हाताची थाप मॅटवर. पडायची भीती जाईपर्यंत डाव शिकवायची घाई नको.

डाव दाखवताना त्याला धरून ओढू नका. तुम्ही डावात उभे राहा आणि त्याला तुमचा खांदा, कंबर, गुडघा चाचपू द्या. 'असं वळ' म्हणून काहीच कळत नाही. 'तुझा डावा पाय माझ्या उजव्या पायाशेजारी टाक' म्हणा.

खरा वेळ पकडीला द्या. उजवा हात कॉलरवर, डावा बाहीवर. बोटं घट्ट, पण कोपरं सैल. कोपर ताठ झालं की समोरच्याच्या हालचाली हाताला कळेनाशा होतात. त्यानं उजवं पाऊल पुढे टाकलं की हातातली बाही किंचित सैल पडते, आणि वजन आलं की तो त्या बाजूला जड लागतो. ओसोतो-गारी, म्हणजे बाहेरून पाय घालून त्याचा पाय उडवायचा डाव, तेव्हाच मारायची. सरावात जोडीदाराला नुसतं चालायला सांगा. खेळाडूनं प्रत्येक पावलाला 'उजवा', 'डावा' ओळखायचं. मग जोडीदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यालाही हेच करायला लावा. त्याचाही ज्युदो सुधारतो, हे मी छातीठोकपणे सांगतो.

स्पर्धेत उतरायचं तर डोळ्यांचे वैद्यकीय अहवाल लवकर जमवा, वर्गीकरण त्यावाचून अडतं. 2022 पासून अंध खेळाडू जे1 मध्ये आणि अंशतः दृष्टी असलेले जे2 मध्ये खेळतात. त्याआधी सगळे एकत्र लढायचे, आणि माझ्या मते तो अन्यायच होता. पॅरिस 2024 मध्ये कपिल परमारनं जे1 च्या 60 किलो गटात कांस्य जिंकलं, पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं पहिलं पदक. त्याची ती लढत 33 सेकंदांत इप्पोननं संपली. मुलांना हे जरूर सांगा.

आणि मॅटपर्यंत जाण्याचाही सराव करून घ्या: खेळाडूनं तुमचं कोपर धरायचं, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालायचं.