घरच्या संगणकाचे रिकामे कोर संशोधनाला कसे द्यावेत

घरच्या डेस्कटॉपला हल्ली आठ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) सहज असतात. मेल वाचताना किंवा पिक्चर बघताना त्यातले बहुतेक बसूनच असतात. बर्कली विद्यापीठातून आलेले बॉइंक हे मोफत सॉफ्टवेअर ही ताकद शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचवते. सुरुवातीला ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ हाच प्रकल्प घ्या. तो लायगो या वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी (अवकाशकाळात उठणारे सूक्ष्म तरंग) शोधतो, शिवाय पल्सारही (वेगाने फिरत नियमित स्पंद सोडणारे मृत तारे). २०१० मध्ये आयोवातल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या एका स्वयंसेवकाच्या संगणकांनी अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून नवा पल्सार खरोखर शोधून दिला. लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होते आहे, त्यामुळे मराठी माणसाला या कामाची जास्तच ओढ वाटावी.

बॉइंक त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. ‘अ‍ॅड प्रोजेक्ट’मध्ये प्रकल्प निवडून खाते उघडा. ऑफिसच्या संगणकावर परवानगीशिवाय हे अजिबात करू नका.

आता खरी मेख. ‘इव्हेंट लॉग’ उघडून सुरुवातीच्या ओळींत प्रोसेसर किती मोजलेत ते पाहा. आठ कोरच्या यंत्रावर हायपरथ्रेडिंग (एक कोर दोन असल्यासारखा वापरण्याची सोय) चालू असेल तर तिथे १६ दिसतील, आणि बॉइंक साधारणपणे तेवढी कामे (प्रकल्पाने पाठवलेले आकडेमोडीचे तुकडे) एकाच वेळी सुरू करील. प्रत्येक कामाला स्वतंत्र रॅम लागते. समजा एकेक काम १ जीबी खात असेल, तर १६ जीबीचे यंत्र तिथेच गुदमरले. म्हणून ‘कम्प्युटिंग प्रेफरन्सेस’मध्ये प्रोसेसरची टक्केवारी आधी ५० ठेवा, म्हणजे आठच कामे चालतील. दोन-तीन दिवस तापमान आणि रॅम बघून हळूहळू वाढवा.

तिथेच शेजारी सीपीयू टाइमची (प्रोसेसर किती वेळ राबवायचा त्याची) टक्केवारी असते. तिला हात लावू नका, १०० च राहू द्या. ती कमी केली की प्रोसेसर क्षणात पळतो, क्षणात थांबतो, आणि पंखाही त्याच्यासोबत वरखाली होतो. यंत्र तापत असेल तर कामांची संख्या कमी करणे केव्हाही बरे. ग्राफिक्स कार्डलाही काम दिले असेल तर एक कोर त्याच्यासाठी मोकळा सोडा.

रॅम पुरेशी असेल तर थांबलेली कामे मेमरीत ठेवण्याचा पर्याय चालू करा. नाहीतर प्रत्येक वेळी काम मागच्या चेकपॉइंटपासून (प्रगती शेवटची जतन झाली तिथपासून) पुन्हा सुरू होते. अचानक वीज गेली तरी तेच होते, सगळे वाया जात नाही.

विजेचा हिशेब आधीच करा. यंत्र १०० वॅट जास्त ओढत असेल तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. लॅपटॉपवर हे चोवीस तास चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यात उष्णता बाहेर पडायला जागाच कमी.

कामांना परतीची मुदत असते. म्हणून कामाचा साठा एक दिवसापुरताच ठेवा, आणि सुट्टीत गावी जाणार असाल तर आधी ‘नो न्यू टास्क्स’ दाबून हातातली कामे पुरी होऊ द्या, मगच यंत्र बंद करा.