जांघेतलं गजकर्ण आणि मेडिकलमधली ट्यूब

पावसाळ्यात जांघेत खाज सुटली. कुणाला सांगणार? मेडिकलवाल्याला हळूच विचारलं, त्यानेही हळूच एक ट्यूब कागदात गुंडाळून दिली. दोन दिवसांत खाज गायब. लावणं थांबवलं की परत हजर, दर वेळी थोडी पसरलेली. असे तीन महिने गेले.

शेवटी लाज गिळून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. मधे त्वचा साफ, कडेला लाल, खवलेदार उठलेली रेघ. ती कड जरा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर बुरशी. माझ्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल होतं, म्हणजे जोरकस स्टेरॉईड. त्याने खाज दबते आणि बुरशी फोफावते. जांघेची नाजूक कातडी पातळ होते ते वेगळंच.

ट्यूब बंद. पहिले काही दिवस खाज आणखी भडकली, रात्री झोप नाही. बुरशी मारणारं ल्युलिकोनाझोल मलम चट्ट्याच्या बाहेरपर्यंत लावायचं, सोबत डॉक्टरांनी त्याचसाठी लिहून दिलेल्या इट्राकोनाझोलच्या गोळ्या. डाग गेल्यावरही दोन आठवडे औषध चालू ठेवलं.

गंमत म्हणजे बुरशीचं मूळ पायाच्या बोटांतल्या चिखल्यांमध्ये निघालं! चड्डी चढवताना तीच वर यायची. तेव्हापासून आधी मोजे, मग चड्डी. टॉवेल वेगळा, आणि ओलसर चड्डी इस्त्रीने कोरडी केल्याशिवाय घालत नाही.