टोपलीपुढे बसवत नाही तेव्हा

मे महिन्यात गुहागरजवळच्या आमच्या खळ्यात सोलं, म्हणजे आमसुलं, वाळतात. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडायचा, बिया काढायच्या, साल मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची, संध्याकाळी परत रसात. असं कितीतरी दिवस. पैसे दिसतात ते पावसाळ्यात. त्यामुळे सकाळी भरली टोपली समोर असूनही बसवत नाही. त्यावर मी काय करते ते सांगते.

आधी उंदरांची गोष्ट, कारण मला वाट तिथेच सापडली. जॉन सॅलमोन या अमेरिकी संशोधकांनी 1990च्या दशकात वाटेला दोन फाटे ठेवले. एकीकडे खाऊच्या 4 गोळ्या, पण आड 44 सेंटिमीटरची भिंत. दुसरीकडे 2 गोळ्या, वाट मोकळी. एरवी उंदीर भिंत चढून चार गोळ्या मिळवत. मेंदूतल्या एका ठरावीक भागातलं डोपामिन, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन, कमी केलं, की बरेचदा दोनवरच भागवत. भूक मेली नव्हती, कारण सोपा फाटा रिकामा ठेवल्यावर तेच उंदीर भिंत चढले.

म्हणून मी सोपा फाटा रिकामा करते. फोन सकाळीच शेजारच्या काकींकडे देऊन येते. खिशात ठेवून नुसता बंद करणं माझ्या उपयोगाचं नाही.

भिंतही बुटकी करायची. विळी, मीठ, पाट रात्रीच मांडून ठेवते आणि सकाळी ठरवते ते एकच सूप. ते भरलं की चहा. हा चहा चुकवू नका. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांत पाहिलं, की अपेक्षित बक्षीस आलं नाही तर डोपामिनच्या पेशी नेहमीपेक्षाही मंदावतात. मुलांना कबूल केलेला खाऊसुद्धा त्याच दिवशी द्या.

एक गोष्ट मात्र युक्तीने सुटत नाही. माझे सासरे, अण्णा, पडवीत नुसते बसून राहू लागले, तेव्हा वर्षभर आम्ही त्यांना आळशी म्हणालो. निदान झालं पार्किन्सन्सचं. त्यात डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं. घरातलं माणूस आठवडेच्या आठवडे कशालाच उठत नसेल, तर बोलू नका, दाखवून आणा.

आता अण्णांच्या हातात मी फोडलेला रातांबा देते, एका वेळी एकच. ते अंगठ्याने बिया काढतात, साल माझ्या सुपात टाकतात आणि पुढच्यासाठी हात पुढे करतात.