नळ, टाकी आणि आरओ: खान्देशात घर बांधताना या चुका टाळा

टाइल्स पसंत करायला आपण चार दुकानं फिरतो आणि पाइपाची वेळ आली की प्लंबरला म्हणतो, 'तुम्हाला ठीक वाटेल तो टाका.' ज्या जळगावात पाइप तयार होतात तिथंही हेच चालतं. मग वर्ष-दोन वर्षांत पाणी गढूळ येऊ लागतं, वास येतो आणि घरात आरओ बसतो. दोष गटारापाशी आणि खर्च स्वयंपाकघरात, असं कितीतरी घरांत झालंय.

म्हणून मशीन घेण्याआधी तीन ग्लास पाणी भरा: एक नळाला पाणी सुटल्यावर टाकीत पडण्याआधीचं, दुसरं टाकीतलं, तिसरं स्वयंपाकघरातल्या तोटीचं. पहिलाच ग्लास गढूळ असेल तर दोष रस्त्यावर आहे. दुसऱ्यात बिघडलं असेल तर टाकी धुवा, झाकण घट्ट बसवा. पहिले दोन स्वच्छ आणि तिसरा लालसर, तोही सकाळी पहिल्यांदा तोटी उघडल्यावरच, तर घरातला जुना लोखंडी पाइप आतून गंजलाय. तिथं पाइपच बदलावा लागतो.

रस्त्यावरच्या दोषाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माणसं आजारी पडतात ती बहुतेक इथूनच. आपल्याकडे बऱ्याच गावांत पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. मधल्या काळात लाइन रिकामी असते. घराचं कनेक्शन गटारातून किंवा गटाराला लागून आणलेलं असेल आणि त्याला एखादी चीर, एखादा ढिला जोड असेल, तर गटाराचं पाणी त्या रिकाम्या पाइपात शिरतं. त्यात लोक नळाला थेट मोटर लावतात. मोटर पाणी ओढते तेव्हा लाइनमधला दाब इतका उतरतो की फटीतून बाहेरची घाणही आत खेचली जाते, आपल्या घरात आणि शेजाऱ्याच्याही. नळाचं पाणी आधी जमिनीखालच्या हौदात पडू द्या आणि मोटर हौदावर लावा. कनेक्शन गटाराच्या वरून न्या, शक्य नसेल तर त्या भागात जोड नसलेला अखंड पाइप घ्या आणि वर दुसरा जाड पाइप चढवा. नळाला सुरुवातीला येणारं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते अंगण-संडासाला वापरा.

आता पाइप. रंग आणि भाव बघून घेऊ नका, वर छापलेला भारतीय मानकाचा (आयएस) आकडा वाचा. पिण्याच्या पाण्याच्या साध्या पीव्हीसीवर आयएस ४९८५, तर गरम पाणीही चालणाऱ्या सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ असतं. आयएस १३५९२ हा सांडपाण्याचा पाइप, तो पिण्याच्या लाइनला कुठंच नको. शेतातला उरलेला, शिक्का नसलेला पाइप घराला वापरायचा मोह होतो, तोही टाळा. पीव्हीसी टिकावं म्हणून त्यात शिशाची संयुगं मिसळत असत. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये याविषयी नियम केले, त्यामुळे शिसंविरहित पाइप आग्रहाने मागा.

आपल्या उन्हाचा विचार तर करावाच लागतो. साध्या पीव्हीसीवर छापलेला दाब साधारण २७ अंशांच्या पाण्यासाठी धरलेला असतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि गच्चीवर उघडा पडलेला पाइप त्याहून तापतो. मग तो नरम पडून क्लॅम्पच्या मध्ये झोळ खातो, जोड सुटतात आणि काही वर्षांत उन्हाने ठिसूळ होतो. गच्चीवरच्या लाइनला आधार जवळजवळ द्या, ती झाका किंवा पाण्यात कालवायचा पांढरा रंग मारा. ऑइलपेंट सीपीव्हीसीवर लावू नका. सोलरच्या टाकीलगतचा तुकडा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, ठेवा, कारण उन्हाळ्यात तिथलं पाणी सीपीव्हीसीलाही झेपणार नाही इतकं तापू शकतं. सीपीव्हीसीचे जोड चिकटवायला त्याचंच सोल्युशन वापरायला सांगा, जोड वाळू द्या आणि लाइन भरपूर पाण्याने धुतल्यावरच ते पाणी प्या.

बोअर असेल तर गोष्ट वेगळी. तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, म्हणजे पाणी जड आहे. अशा पाण्याने जीआय पाइप आतून चोंदत जातो. बोअरचं आणि नळाचं पाणी एकाच टाकीत सोडू नका, स्वयंपाकघराला नळाच्या पाण्याची वेगळी छोटी टाकी द्या. घर बांधतानाच हे केलं तर खर्च फार वाढत नाही.

आरओ विकणारा टीडीएसचा मीटर दाखवतो. विरघळलेले क्षार किती, एवढंच तो सांगतो, जंतूंचा त्याला पत्ता लागत नाही. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नळाचं पाणी ५०० च्या आत असेल तर आरओवर पैसे घालू नका, तिथं गाळणं आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) किंवा उकळणं पुरतं. थंडगार जारच्या पाण्यालाही शुद्ध समजू नका.

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात किंवा कुठल्याही भरपूर खत पडणाऱ्या शिवारात बोअरच्या पाण्यात नायट्रेट तपासलंच पाहिजे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याला रंग नाही, वास नाही, आणि उकळल्याने ते जात तर नाहीच, उलट पाणी आटल्याने वाढतं. ते आरओने कमी होतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. जंतूंची तपासणी करायची असेल तर प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणा, कोल्ड्रिंकची नको. नमुना गारव्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. घरात तान्हं बाळ असेल तर अहवाल येईपर्यंत बोअरच्या पाण्यात त्याचं दूध कालवू नका.