माऊंडवर जाण्याआधी: हिटर वाचायची तयारी

आपण क्रिकेटवर वाढलो, पोरं मात्र अमेरिकेत बेसबॉल खेळतात. त्यातलं एखादं पिचर, म्हणजे गोलंदाज, निघालं की शनिवारी सकाळी पाणी, ग्लोव्ह, टोपी, संत्री असं सगळं गाडीत भरलं जातं. ती तयारी जमतेच. ही यादी वेगळ्या तयारीची आहे: समोरचा हिटर, म्हणजे फलंदाज, काय ठरवून आलाय, ते ओळखायची. तेरा-चौदा वर्षांच्या पिचरसाठी लिहितोय, पण त्या वयाला मराठी वाचायचा कंटाळा, तेव्हा गाडीत तुम्हीच सांगा.

आदल्या रात्री वही काढा. त्या टीमशी आधी गाठ पडली असेल तर प्रत्येक हिटरच्या नंबरापुढे दोनच गोष्टी हव्यात: पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतो का, आणि मागच्या वेळी आउट कशावर झाला. याहून जास्त लिहिलंत तर माऊंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, त्यातलं काही आठवत नाही. शेजारी आपल्या पोराकडचे चेंडूही लिहा, अगदी प्रामाणिकपणे. या वयात फास्टबॉल आणि चेंजअप (फास्टबॉलसारखाच हात फिरवून टाकलेला हळू चेंडू) पुरतात. कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, परवाच व्हिडिओ बघून शिकला असेल तर तो घरीच राहू द्या.

मैदानावर लवकर पोहोचा. वॉर्म-अप झाल्यावर कॅचरशी (आपल्याकडचा यष्टिरक्षकच) पाच मिनिटं बोलणं झालंच पाहिजे, कारण हिटरच्या सर्वांत जवळ तो बसतो. पाय कुठे आहेत, प्लेटला (जमिनीतली ती पाटी, जिच्या शेजारी हिटर उभा राहतो) चिकटून उभा राहिलाय की लांब, दोन स्ट्राइकनंतर (हुकलेला किंवा मारता येण्याजोगा असून सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक) बॅटवरची पकड वर सरकली का, हे त्यानंच बघायचं. प्लेटला चिकटणाऱ्याला बहुधा बाहेरचा चेंडू हवा असतो, म्हणून आधी आत टाकून बघा. कधीकधी तेच त्याचं आमिष असतं, हा भाग वेगळा.

आता मुख्य गोष्ट. क्रिकेटमध्ये फलंदाज दिवसभर चेंडू सोडू शकतो. इथे तीन स्ट्राइक झाल्या की घरी. मोठ्या लीगमध्ये माऊंड ते प्लेट हे अंतर 60 फूट 6 इंच, आणि ताशी 90 मैलांचा चेंडू ते साधारण 0.4 सेकंदात कापतो. एवढ्यात विचार करायला वेळ कुठला? म्हणून हिटर आधीच काहीतरी ठरवून उभा असतो. दोन बॉल (टप्प्याबाहेरचे सोडलेले चेंडू), शून्य स्ट्राइक असेल तर तो एकाच जागी फास्टबॉलची वाट बघतो. शून्य बॉल, दोन स्ट्राइक झाल्या की बिचारा जे येईल त्याला बॅट लावायच्या मागे असतो. त्याचा बेत काऊंटबरोबर, म्हणजे बॉल-स्ट्राइकच्या आकड्याबरोबर, बदलतो, त्यामुळे पिचरनं काऊंट मनात सतत घोळवत ठेवायचा.

फाऊल, म्हणजे मैदानाच्या रेषेबाहेर गेलेला फटका, वाया गेलेला चेंडू समजू नका. हिटरनं दिलेली ती कबुली असते. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं फास्टबॉल पहिल्या बेसच्या, म्हणजे उजव्या, बाजूला फाऊल मारला, तर त्याला उशीर झाला. अशा वेळी चेंजअप टाकणं म्हणजे त्याच्यावर उपकार. पुन्हा फास्टबॉलच द्या. तिसऱ्या बेसच्या, म्हणजे डाव्या, बाजूला जोरात मारला, तर तो घाई करतोय, आता चेंजअप काढा. चेंडू सरळ मागच्या जाळीत गेला, तर सावध व्हा, त्याला वेळ सापडली आहे. सोडलेला चेंडूही बघावा. पुढचा पाय वेळेवर पडला आणि नजर कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत गेली, तर त्यानं चेंडू नीट ओळखून सोडला. दचकून मागे झुकला, तर त्याला वेगळंच काही अपेक्षित होतं.

हे सगळं उलटही चालतं, हिटरही पिचरला वाचतो. 15 ऑक्टोबर 1988, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोठ्या लीगच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, लॉस एंजेलिस. तिथलीच टीम डॉजर्स 3-4 अशी मागे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट, एक जण बेसवर. दोन्ही पाय दुखावलेला डॉजर्सचा डावखुरा हिटर कर्क गिब्सन लंगडत आला. समोर ओकलंडचा पिचर डेनिस एकर्स्ली. मेल डिडिए या स्काऊटनं (समोरच्या टीमवर नजर ठेवणाऱ्यानं) डॉजर्सच्या डावखुऱ्यांना आधीच बजावलं होतं: तीन बॉल, दोन स्ट्राइक झाल्या की एकर्स्ली बाहेरून आत वळणारा स्लायडर टाकतो. तोच काऊंट आला, तोच स्लायडर आला आणि चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत गेला: होम रन, सामना डॉजर्सचा. म्हणून वहीत एक पान आपल्या पोराच्या सवयींचंही हवं. तीन बॉल झाले की हा दर वेळी काय टाकतो? चेंजअपला हात मंदावतो का? समोरच्या डगआउटमध्येही (टीम बसते त्या जागी) कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं.

तोच हिटर दुसऱ्यांदा आला की पहिल्या वेळी काय टाकलं होतं ते कॅचरला आठवलं पाहिजे. आठवत नसेल तर इनिंगच्या मधे वही उघडा.

शेवटी हिशेब. लिटल लीग या मुलांच्या स्पर्धेत तेरा-चौदा वर्षांच्या पिचरला दिवसात जास्तीत जास्त 95 चेंडू टाकता येतात, आणि 66 किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती. परतताना गाडीतच, भूक लागली म्हणून ओरडा सुरू व्हायच्या आत, त्या दिवसाचा आकडा आणि प्रत्येक नंबरापुढच्या त्या दोन गोष्टी लिहून घ्या.