तीन रोबो, एक पळणारा आणि मिरामारची वाळू

फोंड्याला माझ्याकडे रोबोटिक्स शिकायला मुलं येतात. तीन रोबोंनी मिळून चौथ्याला पकडायचं, हा आमचा आवडता खेळ. सुरुवातीला प्रत्येक जण एकच प्रोग्रॅम लिहितो: पळणारा दिसेल तिकडे सरळ सुटायचं. मग तिघंही एकामागोमाग त्याच्या शेपटीला लागतात आणि बाकी मैदान त्याला मोकळं मिळतं.

म्हणून कोडच्या आधी मी मुलांना ओहोटीच्या वेळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर नेते. ओल्या, घट्ट वाळूत रेघ टिकते. काठीने दहा मीटरचा चौकोन आखा, त्यात तीन पकडणारे आणि एक पळणारा उभे करा. सगळ्यांचा वेग सारखा धरा. पकडणाऱ्यापासून पळणाऱ्यापर्यंत दोरी ताणा, मध्यावर खूण करा, तिथून काटकोनात रेघ ओढा. रेघेच्या एका बाजूला पळणारा आधी पोचतो, दुसऱ्या बाजूला पकडणारा. या रेघा आणि चौकोनाच्या कडा यांत अडकलेला तुकडा, तेवढीच पळणाऱ्याची जागा. गणितात त्याला वोरोनॉय कक्ष म्हणतात.

आता प्रत्येकाने त्या तुकड्याची आपल्या बाजूची जी कड आहे, तिच्या मध्याकडे निघायचं. पळणारा कुठेही वळला तरी तुकडा वाढत नाही. पावलागणिक रेघा नव्याने आखायच्या. रोबोत हेच सेकंदाला दहादा करा. ज्याची रेघ तुकड्याला लागतच नाही, त्याने सरळ पळणाऱ्याकडे जावं. फुटबॉलमधला चांगला बॅक बॉलवर झेप घेत नाही, जागा बंद करतो. मुलांना हे लगेच पटतं.

चौकोन पुसलात तर मात्र पळणारा तिघांच्या त्रिकोणाच्या आत असायलाच हवा. बाहेर असला तर सारख्या वेगात तो निसटतोच.

वेग वेगळे असतील तर सरळ रेघेऐवजी अपोलोनियसचं वर्तुळ येतं; त्याच्या आत पळणारा आधी पोचतो, बाहेर पकडणारा. पकडणारा सेकंदाला 50 सेंटिमीटर, पळणारा 40, मधलं अंतर 3.6 मीटर: वर्तुळाची त्रिज्या 8 मीटर. नुसता पाठलाग केलात तर 36 सेकंद लागतात आणि पळणारा 14.4 मीटर जातो. आमच्या हॉलची लांबी तेवढी नाही.

वळणाचं विसरू नका. गणितज्ञ रुफस आयझॅक्स यांनी 1950च्या दशकात रँड या अमेरिकी संशोधन संस्थेत मांडलेल्या कोड्यात गाडी पायी माणसाला गाठू पाहते. गाडी वेगवान आहे, पण माणूस जागच्या जागी वळतो. दोन चाकांचा रोबोही तसाच वळतो. स्टिअरिंगच्या गाडीला मोठी गोल फेरी लागते. ती फेरी आधी फरशीवर खडूने मोजा, मगच कोडमध्ये लिहा.