चौघांचा पॉडकास्ट: कोण विचारणार, कोण बोलणार

सांगलीच्या हळद बाजारावर भाग करायचा असेल, तर आवकेच्या ऐन दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, अडत्याला बोलावू नका. ‘येतो, येतो’ म्हणेल आणि येणार नाही. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराचंही तेच: छाटणी आणि काढणी सोडून तारीख मागा.

माणसं चारच. दोन सूत्रधार, दोन पाहुणे. पाचवा आला की ऐकणाऱ्याला आवाज ओळखता येत नाहीत. एक सूत्रधार प्रश्न विचारतो. दुसरा घड्याळ आणि राहिलेले मुद्दे बघतो, मध्ये बोलायचं असेल तर हात वर करतो. पाहुण्यांना चार-पाच मुद्दे आधी कळवा, पण नेमके प्रश्न देऊ नका. लोक उत्तरं पाठ करून येतात, आणि मग भाषण सुरू!

माईक तोंडापासून वीतभर, आणि दोन माईकमध्ये त्याच्या किमान तिप्पट अंतर. कमी ठेवलं तर शेजाऱ्याचा आवाजही आत शिरतो आणि सगळं पोकळ ऐकू येतं. प्रत्येकाचा ट्रॅक, म्हणजे आवाजाची फाइल, वेगळा. पंखा बंद.

कोणी पुण्याहून ऑनलाइन असेल तर त्याला इयरफोन सक्तीचा, नाहीतर तुमचाच आवाज त्याच्या स्पीकरमधून परत येतो. शिवाय त्याने दुसऱ्या फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी. तिच्यावरून कॉलची आणि त्याच्या फोनवरची अशा दोन्ही फाइली जुळवता येतात.

‘हे कापा हं’ असं पाहुणा म्हणाला की दुसऱ्या सूत्रधाराने लगेच मिनिट लिहून ठेवायचं.